जुनं क्लॅरिनेट घेताय? पैसे मोजण्याआधी हे तपासा

लग्नसराई संपली की बँडवाल्यांच्या घरात एकच हिशोब मांडला जातो. यंदा हातात किती उरले आणि त्यातून काय करायचं? मीरारोडला आमच्या घरात हा हिशोब दोन वर्षं एकाच गोष्टीवर अडला होता: धाकट्या भावासाठी चांगलं क्लॅरिनेट.

अब्बांनी आयुष्यभर वरातीत क्लॅरिनेट वाजवलं. मास्टर इब्राहिम यांच्या क्लॅरिनेटवरच्या फिल्मी धुनांच्या रेकॉर्ड लावून लावून ते शिकले. भावाला मात्र वरातीच्या पुढे जायचं आहे. ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा, स्टुडिओतलं काम, जमलं तर पोलीस बँडची भरती. त्यासाठी वाद्यही त्या दर्जाचं हवं. नवं प्रोफेशनल क्लॅरिनेट लाखांच्या घरात जातं. व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही हे घरात ठरलेलं. म्हणून बीसी लावली आणि नंबर लागल्यावर १८ हजारांना एक जुनं क्लॅरिनेट घेतलं. काळंभोर लाकूड, चकचकीत चाव्या, इंग्लंडची मोहर. सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी हार्मोनियम पुढे ओढलं आणि सूर द्यायला सांगितला. सूर लागेना. हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी तो पडत होता. उस्तादांनी वाद्य उलटसुलट करून पाहिलं आणि लाकडावर कोरलेली एच आणि पी ही दोन इंग्रजी अक्षरं आम्हाला दाखवली. "बेटा, हे हाय पिच आहे. दुसऱ्या कुठल्या वाद्याबरोबर जुळणार नाही."

विकणारा पैसे परत द्यायला तयार झाला नाही. मालातला ऐब गिऱ्हाईकाला सांगून विकावा, ही आपल्याकडची जुनी शिकवण आहे. पण समोरचा सांगेलच या भरवशावर राहू नये, हे आम्ही १८ हजार देऊन शिकलो. तुम्हाला ते फुकटात कळावं म्हणून हा लेख.

हाय पिच म्हणजे काय?

आज जगभर मधल्या 'ए' स्वराची कंपनसंख्या सेकंदाला ४४० धरतात. १९३९ साली लंडनच्या परिषदेत हे ठरलं. त्याआधी ब्रिटिश लष्करी बँड बरीच वर्षं साधारण ४५२ वर वाजवत. त्या काळातली वाद्यं हिंदुस्थानातही आली आणि हातोहात फिरत राहिली. सगळा बँडच तसा असेल तर चालून जातं. पण हार्मोनियम, कीबोर्ड किंवा परीक्षेतला पियानो आला की गाडी अडते. बॅरल थोडं ओढून सूर उतरवता येतो, पण सगळे स्वर सारखे उतरत नाहीत. वरचे-मधले जास्त उतरतात, खालचे कमी. सगळा सप्तकच वाकडा होतो. म्हणून मोबाईलमध्ये ट्यूनर ॲप टाकून न्या आणि एक नाही, सगळे स्वर वाजवून पाहा.

नाव मोठं, मॉडेल कोणतं?

दुसरी फसगत नावाची. एकच कंपनी शिकाऊंसाठीही वाद्य बनवते आणि व्यावसायिकांसाठीही. बुफे क्राम्पाँचं बी-१२ हे प्लास्टिकचं, नवशिक्यांचं. त्याच कंपनीचं आर-१३, जे १९५५ पासून बनतंय, ते ऑर्केस्ट्रातल्या वादकांचं. सेल्मरचं बंडी हे शाळकरी मुलांसाठी, तर सेल्मर पॅरिसची सिरीज नाइन प्रोफेशनल. बूझी अँड हॉक्सचं रीजंट वेगळं आणि १०१० वेगळं. यामाहाचं २५५ प्लास्टिकचं, ४५० लाकडी पण मधल्या दर्जाचं. त्यामुळे "यामाहा आहे", "बुफे आहे" एवढ्यावर पैसे काढू नका. मॉडेल विचारा, सिरीयल नंबरचा फोटो मागवा. बुफेच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही भागांवर नंबर असतो. ते दोन वेगळे निघाले तर दोन वाद्यं जोडून एक केलेलं आहे.

आणखी दोन प्रश्न फोनवरच विचारून घ्या. वाद्य बी-फ्लॅट आहे ना? ई-फ्लॅटचं क्लॅरिनेट छोटं असतं, ए-चं थोडं लांब, आणि ती दोन्ही स्वस्तात पुढे केली जातात. बी-फ्लॅट जोडल्यावर साधारण ६६-६७ सेंटिमीटर भरतं. दुसरा प्रश्न, बोटं कोणत्या पद्धतीची? आज शिकवली जाते ती बोएम पद्धत. त्यात साधारणपणे १७ चाव्या आणि बोटांखाली सहा रिंगा असतात. जुन्या बँडांमधली बरीच वाद्यं अल्बर्ट पद्धतीची असतात. चाव्या कमी, बोटं वेगळी. अब्बांचा हात अल्बर्टवर बसलेला, भावाचा बोएमवर. एकाचं वाद्य दुसऱ्याच्या कामाचं नाही.

हातात घेऊन काय बघायचं?

सगळ्यात आधी तडा. प्रोफेशनल क्लॅरिनेट ग्रेनेडिला नावाच्या आफ्रिकन काळ्या लाकडाचं असतं. तोंडातली दमट हवा आतून आणि कोरडी हवा बाहेरून लागली की लाकूड फुटतं. तडा बहुतेक वेळा वरच्या भागात, वरच्या अंगाला असलेल्या छोट्या छिद्रांजवळ जातो. उजेडात तिरकं धरून केसासारखी रेघ शोधा. नीट दुरुस्त केलेला जुना तडा वाईट नसतो, पण त्याचे पैसे किमतीतून वजा झाले पाहिजेत. छिद्राच्या आरपार गेलेला उघडा तडा दिसला तर सलाम करून परत या.

मग हवा. वरचा भाग वेगळा काढा, चारही बोटांची छिद्रं बंद करा, खालचं तोंड तळहाताने दाबा आणि वरून हवा ओढा. पोकळी दोन-तीन सेकंद टिकली पाहिजे. लगेच सुटली तर पॅड गळतायत. खालच्या भागाला काही चाव्या दाबून धराव्या लागतात, ते वादकाकडूनच करून घ्या.

त्यानंतर सांधे. जोडल्यावर वाद्य हलतंय का? कॉर्क झिजलं असेल तर बदलता येतं, लाकूडच झिजलं असेल तर काम वाढतं. चाव्या बाजूला हलतात का, स्प्रिंग मेल्यात का, छिद्रांच्या कडा फुटल्यात का, तेही बघा. चकाकीवर जाऊ नका. आमचं १८ हजारांचं सगळ्यात जास्त चमकत होतं.

माउथपीस किमतीत धरू नका. जुन्याची धार घासलेली असू शकते, आणि तोंडात घालायची वस्तू स्वतःची असलेलीच बरी. भाव करतानाच नव्या चांगल्या माउथपीसचे पैसे बाजूला ठेवा. बूझीच्या १०१० ला मात्र त्याचंच माउथपीस लागतं, कारण त्याची पोकळी रुंद आहे. नेहमीचं लावलं तर सूर बिघडतो.

शोधायचं कुठे?

मीरारोड-भाईंदरमध्ये बसून हे वाद्य मिळणं कठीण, पण माणसं जवळच आहेत. उत्तन-डोंगरीच्या ख्रिस्ती गावांत आणि खाडीपलीकडे वसईला लग्नात आजही ब्रास बँड वाजतो. तिथल्या वादकांना विचारा. दुसरी जागा म्हणजे जुने स्टुडिओ वादक. १९९० च्या आसपास सिंथेसायझर आले आणि फिल्मी गाण्यांमागचे मोठे ऑर्केस्ट्रा आटत गेले. त्यांतल्या काहींची उत्तम वाद्यं आज घरात कपाटावर पडून आहेत. बोलणं अदबीने करा, ती त्या घरातली आठवण असते. मरीन लाइन्सला उतरून धोबी तलावला गेलात तर वाद्यांची दुकानं आहेत. तिथे नव्याचे भाव, रीड आणि माउथपीस बघता येतं, दुरुस्ती करणाऱ्याचा पत्ताही विचारता येतो. चोर बाजारात वाद्य मिळतं, पण तिथे जाणकाराशिवाय जाऊ नये.

परदेशातून नातेवाइकाकरवी आणणार असाल तर विकत घेतल्याची पावती सोबत ठेवायला सांगा आणि कस्टमचे नियम आधी बघून घ्या. ग्रेनेडिला संरक्षित लाकडांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, पण नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्या परवान्यातून सूट आहे.

आणि फक्त आर-१३ च्या मागे धावू नका. त्याचं नाव सगळ्यांना माहीत, म्हणून जुन्यालाही भाव. सेल्मर पॅरिसची जुनी सिरीज नाइन किंवा लब्लाँची प्रोफेशनल मॉडेलं त्याहून पुष्कळ कमी पैशांत मिळू शकतात.

खरी किंमत किती?

विकणारा सांगतो ती अर्धी किंमत. तिच्यात सगळे पॅड, कॉर्क, स्प्रिंगची दुरुस्ती आणि माउथपीस मिळवा. ही बेरीज तुमच्या बजेटात बसते का, ते बघा. दुरुस्ती करणाऱ्याला आधी वाद्य दाखवून आकडा घ्या आणि त्या आकड्यावर भाव करा. विकणारा दोन दिवस वाद्य न्यायला देत नसेल, तर तो काय लपवतोय ते विचारा.

दुसऱ्या खेपेला आम्ही असंच केलं. बीसीचे पैसे पुन्हा साठायला वर्ष गेलं. एका निवृत्त वादकाच्या घरून सिरीज नाइन मिळालं, ५५ हजारांना. दुरुस्तीला ११ हजार, माउथपीस वेगळं. वरच्या भागावर दुरुस्त केलेला एक तडा होता. तो त्यांनी आम्ही विचारायच्या आधीच दाखवला आणि तेवढे पैसे कमी केले.

आता भाऊ वाजवून झालं की आतून कापड फिरवतो. पावसाळ्यात सांधे फुगतात म्हणून जोडलेलं ठेवत नाही, एसीच्या झोतात ठेवत नाही. पहिल्या दिवशी उस्तादांनी पुन्हा हार्मोनियम ओढलं. सूर पट्टीवर बसला. अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त ते हातात मागून घेतलं, बोएमच्या चाव्यांवर बोटं ठेवून बघितली आणि हसून परत दिलं.