विमानाचे इंजिन बंद पडले तर?

इस्राएलला नातवंडांकडे जायचे म्हटले की आपल्यापैकी कित्येकांच्या पोटात गोळा येतो. "आकाशात इंजिन बंद पडले तर?" हा प्रश्न इथे ऑस्ट्रेलियात आम्हांला वारंवार विचारला जातो. जन्मभर मास्तरकी केली, तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

मुंबईच्या स्वयंपाकघरातला पंपाचा स्टोव्ह आठवा. जेट विमानाचे इंधनही घासलेटच्याच जातीचे. इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा असतो, तो हवा ओढतो. त्यातली थोडी हवा आत जाते. तिथे पात्यांच्या रांगा तिला दाबतात आणि त्या दाबलेल्या हवेत इंधनाचा फवारा जळतो. तापलेला वायू मागे धावताना वाटेतले चक्र फिरवतो, त्याला टर्बाइन म्हणतात. त्याच्याच जोरावर पुढचा पंखा व पाती फिरतात. बाकीची हवा पंखा आगीच्या बाहेरूनच मागे फेकतो. हवा मागे, म्हणून विमान पुढे. फुगवलेला फुगा तोंड न बांधता सोडला की पळतो, तसेच हे.

आता घडलेली हकिगत ऐका. 24 जून 1982 च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचे जम्बो विमान क्वालालंपूरहून पर्थकडे निघाले होते. लंडनहून मुंबई, मद्रास करीत ते आले होते. जावा बेटावर गालुंगुंग ज्वालामुखी राख ओकत होता. अंधारात राख दिसली नाही. कोरडी असल्याने रडारवरही उमटली नाही. इंजिनाच्या आगीत ती काचेसारखी वितळली, टर्बाइनपाशी चिकटली आणि हवेची वाट अडली. स्टोव्हचे भोक चोंदले की ज्योत मरते, तशी चारही इंजिने विझली.

विमान दगडासारखे कोसळले का? नाही. पंखांच्या आधाराने ते तरंगत उतरू लागले. असे जम्बो एक मैल खाली येईपर्यंत सुमारे पंधरा मैल पुढे जाते. कप्तान एरिक मूडी व त्यांचे सहकारी पुनःपुन्हा इंजिने सुरू करून पाहत होते. 37,000 फुटांवरून 13,000 फुटांच्या आसपास, राखेच्या बाहेर आल्यावर, थंड झालेला थर तडकून सुटला आणि इंजिने पेटली. पुढे एक पुन्हा बंद करावे लागले. उरलेल्या तिघांवर विमान जकार्ताला उतरले. सर्वजण सुखरूप होते.

त्या रात्रीपासून जग शिकले. आज आपल्या डार्विनमधले हवामान खात्याचे केंद्र इंडोनेशियाकडच्या राखेवर नजर ठेवते आणि इशारे देते. म्हणूनच अधूनमधून बालीची विमाने रद्द होतात. असे झाले तर काउंटरवरच्या मुलीवर रागावू नये. थांबवणे हीच काळजी आहे. औषधे मात्र हातातल्या पिशवीत ठेवावीत.

आणि दोन इंजिनांच्या विमानाला एका इंजिनावर उडून उतरता आले पाहिजे, हा नियमच आहे. तेव्हा तफिल्लत हदेरेख म्हणा, पट्टा बांधा आणि निघा. नातवंडे भराभर मोठी होतात.