एका सामन्यात ७९ गुण!

आमच्या अंबडमध्ये सकाळी मत्स्योदरीच्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांत क्रिकेटची चर्चा रोजचीच. मला मात्र आज बास्केटबॉलच्या एका डावखुऱ्या खेळाडूबद्दल लिहायचंय: फिलिपिन्सचा ॲलन कायडिक.

तो ‘शूटिंग गार्ड’. म्हणजे लांबून नेम धरून गुण मिळवणं हे त्याचं मुख्य काम. रेषेबाहेरून चेंडू बास्केटमध्ये गेला की तीन गुण. त्याच्या काळात आंतरराष्ट्रीय सामन्यांत ही रेषा बास्केटपासून ६.२५ मीटरवर होती, आता ६.७५ वर आहे. एवढ्या लांबून पुन्हा पुन्हा नेम साधायचा, तोही समोरचा खेळाडू हात उंचावून अंगावर येत असताना!

कायडिक १९८७ साली फिलिपिन्सच्या व्यावसायिक लीगमध्ये आला आणि १९९० मध्ये सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्याच वर्षी बीजिंगच्या आशियाई खेळांत रौप्य जिंकणाऱ्या फिलिपिन्सच्या संघातही तो होता. नोव्हेंबर १९९१ मध्ये हिनेब्रा संघाविरुद्ध त्याने एकट्याने ७९ गुण केले. त्यात तीन गुणांचे फटके १७, म्हणजे ५१ गुण नुसते लांबून! मला हा आकडा अजूनही थक्क करतो. पुढे १९९९ मध्ये तो त्याच हिनेब्राकडून खेळला.

आपल्याकडेही बघण्यासारखं आहे. पुण्याची शिरीन लिमये ज्या भारतीय महिला संघात होती, त्या संघाने २०१७ मध्ये बंगळुरूत कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून आशिया चषकाच्या वरच्या गटात जागा मिळवली. तो सामना बघायला मिळाला तर नक्की बघा.