पदभ्रमंतीचे बूट

पदभ्रमंतीचे बूट हे डोंगराळ, जंगली व चिखलाच्या वाटांवर दीर्घकाळ चालण्यासाठी वापरले जाणारे, बहुधा घोट्यापर्यंत उंच असलेले पादत्राण आहे. शिकारी बुटांची रचनाही अशीच असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतात शिकारीवर सर्वसाधारणपणे बंदी असल्याने येथे अशा बुटांचा वापर मुख्यतः पदभ्रमण व वनभ्रमंतीसाठी होतो.

स्थानिक संदर्भ

इचलकरंजी हे शहर पंचगंगेच्या सपाट खोऱ्यात वसले असून जिल्ह्याच्या पश्चिम भागात सह्याद्रीच्या रांगा आहेत. संस्थानकाळात शिकारीसाठी राखीव असलेले दाजीपूरचे जंगल आज राधानगरी अभयारण्याचा भाग आहे. १६६० मधील पावनखिंडीच्या लढाईच्या स्मरणार्थ दरवर्षी जुलैमध्ये पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती होते. या वाटेवर मसाई पठाराचा जांभा दगड, शेतांतील चिखल, ओढे आणि जळवा यांचा सामना करावा लागतो. कोल्हापुरी चपलेचे वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले कातडे पाण्याने खराब होत असल्याने ती येथे उपयोगी नाही.

मापाची निवड

बुटावरील क्रमांक हा केवळ अंदाज असतो. ब्रिटिश पद्धतीत लगतच्या दोन क्रमांकांत सुमारे ८.५ मिलिमीटरचे, तर युरोपीय पद्धतीत सुमारे ६.७ मिलिमीटरचे अंतर असते. शिवाय प्रत्येक उत्पादकाचा साचा वेगळा असतो.

पाय दिवसभरात किंचित सुजतात, म्हणून बूट सायंकाळी व प्रत्यक्ष वापरायचे मोजे घालून पाहावेत. दोन्ही पाय मोजून मोठ्या पायाचे माप धरावे. नाडी सैल ठेवून पाऊल पुढे सरकवल्यास टाचेमागे एक बोट मावावे. नाडी बांधल्यावर टाच उचलली जाऊ नये आणि चवडा आवळला जाऊ नये. उतारावर उभे राहून बोटे पुढे आपटत नाहीत याची खात्री करावी; उतरताना नखे काळीनिळी पडण्याचे हे प्रमुख कारण असते.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांना बूट टोचत असल्याचे जाणवत नाही व जखम चिघळू शकते. त्यांनी केवळ जाणिवेवर विसंबून न राहता वैद्यकीय सल्ल्याने निवड करावी.

साहित्य व निगा

जलरोधक बुटात ओढ्याचे पाणी वरून शिरल्यास ते लवकर निघत नाही. जाळीदार बूट भिजतात, पण लवकर वाळतात. सुती मोजे ओलावा धरून ठेवतात व फोड येण्याची शक्यता वाढवतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्यांचे मोजे अधिक योग्य ठरतात.

नवे बूट मोठ्या चालीपूर्वी काही दिवस रोज वापरावेत. ओले बूट चुलीजवळ न ठेवता आत वर्तमानपत्राचे कागद भरून सावलीत वाळवावेत. काही वर्षे न वापरलेल्या बुटांतील पॉलियुरेथेनचा तळ हवेतील दमटपणामुळे ठिसूळ होऊन वाटेतच सुटू शकतो, त्यामुळे निघण्यापूर्वी तो वाकवून तपासणे आवश्यक असते.