मास्टर विनायक आणि मराठी विनोदी चित्रपट

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
१. मास्टर विनायक यांच्या दिग्दर्शनाच्या कारकिर्दीतील प्रमुख टप्पे सांगता येतील.
२. त्यांच्या विनोदी चित्रपटांमागील समान सूत्र सोदाहरण स्पष्ट करता येईल.
३. लेखकाचा विनोद आणि दिग्दर्शकाचा विनोद यांतील संबंध उलगडता येईल.

३.२ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण मराठी विनोदी साहित्याची परंपरा पाहिली. तिचा विचार आपण बहुधा पुस्तक आणि रंगभूमी यांच्यापुरता मर्यादित ठेवतो. परंतु १९३२ मध्ये मराठी बोलपट सुरू झाला आणि मराठी विनोदाला तिसरे घर मिळाले. आचार्य प्र. के. अत्रे आणि चिं. वि. जोशी या दोन थोर विनोदकारांचे लेखन पडद्यावर आणणारा दिग्दर्शक एकच होता. त्याचे नाव विनायक दामोदर कर्नाटकी, म्हणजेच मास्टर विनायक. त्यांचा जन्म १९०६ मध्ये कोल्हापुरात झाला आणि १९ ऑगस्ट १९४७ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. सुमारे बारा वर्षांच्या दिग्दर्शकीय कारकिर्दीत त्यांनी मराठी विनोदी चित्रपटाला त्याची स्वतःची वाट दाखविली. ही वाट कोणती, हे समजून घेणे हा या घटकाचा विषय आहे.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ पार्श्वभूमी

बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीमुळे मूकपटांच्या काळातच कोल्हापूर हे चित्रनिर्मितीचे केंद्र बनले होते. १९२९ मध्ये येथेच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटात विनायकांनी नारदाची भूमिका केली. १९३३ मध्ये 'प्रभात' पुण्यास गेली. मात्र कोल्हापुरातील चित्रव्यवसाय थांबला नाही. त्याच सुमारास कोल्हापूर सिनेटोन ही संस्था उभी राहिली. तिचा स्टुडिओ पुढे भालजी पेंढारकरांनी घेतला आणि तो 'जयप्रभा' या नावाने प्रसिद्धीस आला. याच संस्थेसाठी विनायकांनी 'विलासी ईश्वर' (१९३५) हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्याची कथा मामा वरेरकरांची होती. म्हणजे साहित्यिकाला सोबत घेऊन चित्रपट करण्याची त्यांची रीत आरंभापासूनच दिसते.

३.३.२ कारकिर्दीचे टप्पे

१९३६ मध्ये विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी हंस पिक्चर्सची स्थापना केली. पहिल्याच 'छाया' या चित्रपटाची कथा वि. स. खांडेकरांची होती. या चित्रपटलेखनाच्या निमित्तानेच खांडेकर पुढे शिरोडे सोडून कोल्हापुरात स्थायिक झाले. १९३७ मध्ये अत्रे यांच्या लेखणीतून 'धर्मवीर' व 'प्रेमवीर' हे चित्रपट आले. १९३८ मध्ये खांडेकरांचा गंभीर 'ज्वाला' आणि अत्र्यांचा विनोदी 'ब्रह्मचारी' हे दोन्ही चित्रपट विनायकांनीच दिग्दर्शित केले. त्यानंतर 'ब्रँडीची बाटली' (१९३९) आणि 'अर्धांगी' (१९४०) आले.

१९४० मध्ये नवयुग ही नवी संस्था निघाली. तेथे विनायकांनी चिं. वि. जोशी यांच्या लेखनावरील 'लग्न पहावे करून' (१९४०) व 'सरकारी पाहुणे' (१९४२) हे विनोदी चित्रपट केले. शिवाय खांडेकरांचा 'अमृत' (१९४१) हा गंभीर चित्रपटही केला. पुढे त्यांनी प्रफुल्ल पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढली. 'माझे बाळ' (१९४३), 'गजाभाऊ' (१९४४) आणि हिंदीतील 'बडी माँ' (१९४५) हे तिचे चित्रपट होत.

या यादीत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली : गंभीर आणि विनोदी चित्रपट विनायकांनी सातत्याने आलटून पालटून केले. दुसरी : संस्था बदलत राहिल्या, तरी लेखकांशी असलेले नाते टिकून राहिले.

३.३.३ विनोदाचे सूत्र : मोठा शब्द आणि साधा माणूस

'ब्रह्मचारी'चे कथानक आठवा. औदुंबर हा एक सामान्य तरुण आहे. देशभक्त जटाशंकर यांचे ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून तो भारावतो. खोलीतील नट्यांची चित्रे काढून टाकतो, व्यायाम सुरू करतो, व्रत घेतो आणि स्वावलंबनाचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेत दाखल होतो. तेथे किशोरी नावाची तरुणी त्याच्या आयुष्यात येते आणि व्रताची परीक्षा सुरू होते. औदुंबराची भूमिका स्वतः विनायकांनी, तर किशोरीची मीनाक्षी शिरोडकर यांनी केली.

येथे विनोद कशातून निर्माण होतो? ब्रह्मचर्य ही कल्पना हास्यास्पद आहे, असे चित्रपट म्हणत नाही. औदुंबराने तो शब्द दुसऱ्याच्या व्याख्यानातून जसाच्या तसा उचललेला आहे, हे हास्यास्पद आहे. शब्द त्याच्या अंगापेक्षा मोठा आहे. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याने घालावा तसा तो त्याच्यावर लोंबतो. फ्रेंच तत्त्वचिंतक आंरी बर्गसाँ यांनी १९०० मध्ये हास्याविषयी असे प्रतिपादन केले की, जिवंत माणूस यंत्रासारखा ताठर वागू लागला म्हणजे आपल्याला हसू येते. औदुंबराचे व्रत हा अशा ताठरपणाचा उत्तम नमुना आहे.

किशोरीच्या पोहण्याच्या पोशाखातील दृश्यामुळे त्या काळी मोठी खळबळ माजली. या दृश्याची चर्चा बहुधा धिटाईच्या अंगाने होते. अभ्यासकाने त्याची रचनाही पाहावी. दृश्यातील गीताची शब्दकळा यमुना आणि कन्हैया यांची, म्हणजे भक्तिपरंपरेतली आहे. पडद्यावरील चित्र मात्र आधुनिक तरुणीचे आहे. कानाला परंपरा ऐकू येते आणि डोळ्याला नवता दिसते. हा विसंवाद छापील पानावर साधता आला नसता. येथे लेखकाचा विनोद दिग्दर्शकाचा होतो.

३.३.४ शीर्षकांची भाषा

हेच सूत्र चित्रपटांच्या नावांतही आढळते. 'धर्मवीर' हा गंभीर सामासिक शब्द. त्याच वर्षी 'प्रेमवीर' आला आणि 'वीर' या उत्तरपदाचा भार एकदम हलका झाला. 'ब्रँडीची बाटली' या नावात 'ब्रँडी' आणि 'बाटली' हे दोन्ही शब्द परभाषेतून आलेले आहेत, त्यांना जोडणारा '-ची' हा प्रत्यय तेवढा मराठी आहे. शिवाय मराठी कानाला येथे 'बाटणे' या क्रियापदाचा भास होतोच. 'लग्न पहावे करून' हा तर 'घर पहावे बांधून' या म्हणीचा उत्तरार्ध. 'सरकारी पाहुणे' हे शब्द ऐकताच तुरुंगवाशांना लावला जाणारा उपरोधिक अर्थ मनात येतो. तिकीट काढण्यापूर्वीच प्रेक्षकाला आपल्या भाषेशी खेळ चालल्याची जाणीव होते.

३.३.५ दोन विनोदकार, एक दिग्दर्शक

अत्रे यांचा विनोद सभा गाजविणाऱ्या वक्त्याचा आहे. अतिशयोक्ती आणि विडंबन ही त्याची शस्त्रे. 'साष्टांग नमस्कार' (१९३३) या नाटकात त्यांनी नाना छंदांनी झपाटलेल्या माणसांची खिल्ली उडविली होती. 'ब्रह्मचारी' हे त्याच वृत्तीचे पुढचे पाऊल म्हणता येईल. 'ब्रँडीची बाटली'लाही ताज्या घटनांचा संदर्भ होता. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. त्याच वर्षीच्या या चित्रपटात दामुअण्णा मालवणकरांनी रंगविलेल्या भोळ्या कारकुनावर, बगारामवर, औषधासाठी ब्रँडीची बाटली शोधण्याची पाळी येते.

चिं. वि. जोशी यांचा विनोद याहून वेगळा आहे. ते बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक होते. त्यांचा चिमणराव आवाज चढवीत नाही. आपली फजिती तो गंभीरपणे, तपशीलवार सांगतो आणि आपण हसतो. असा निवेदनातील विनोद पडद्यावर आणणे अवघड असते, कारण तेथे सांगणारा नाहीसा होतो आणि केवळ घटना उरते. विनायकांनी याचे उत्तर पात्रनिवडीत शोधले. चिमणरावाच्या भूमिकेत दामुअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊच्या भूमिकेत विष्णुपंत जोग अशी परस्परविरोधी जोडी त्यांनी उभी केली. निवेदकाच्या वाक्यांत जे होते, ते नटांच्या चेहऱ्यावर आणि देहबोलीत आले. स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी या प्रसिद्ध जोडीच्या चित्रपटांतही विनोद असाच दोघांतील विरोधातून उमलतो.

३.३.६ एक तुलना : अर्न्स्ट लुबिच

त्याच काळात हॉलिवूडमध्ये अर्न्स्ट लुबिच (१८९२–१९४७) हे विनोदी चित्रपटांचे अग्रगण्य दिग्दर्शक होते. बर्लिनच्या रंगभूमीवर घडलेल्या लुबिच यांच्या 'निनोच्का' (१९३९) या चित्रपटात एक कडक शिस्तीची सोव्हिएत अधिकारी स्त्री सरकारी कामासाठी पॅरिसला येते. ती अहवालाच्या भाषेत बोलते आणि प्रेमाकडेही शास्त्रीय दृष्टीने पाहते. पण उपाहारगृहात समोरचा माणूस खुर्चीवरून पडतो आणि ती खळखळून हसते. 'ब्रह्मचारी' त्याच्या आदल्या वर्षीचा. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. दोन दूरच्या समाजांत, घोषणा आणि व्याख्याने यांनी भरलेल्या एकाच दशकात, दोन दिग्दर्शकांना एकच प्रश्न पडला : माणूस जे बोलतो ते त्याचे स्वतःचे आहे काय? या प्रश्नाचे उत्तर दोघांनीही हास्यातून शोधले.

मात्र दोघांच्या परिस्थितीत अंतर होते. लुबिच यांच्यामागे हॉलिवूडमधील मोठ्या निर्मितीसंस्था होत्या. विनायक स्वतः नट, दिग्दर्शक आणि संस्थेचे भागीदार होते. एका संस्थेची घडी बसते न बसते तोच दुसरी उभारावी लागत होती.

३.३.७ अखेरची वर्षे आणि मूल्यमापन

१९४२ मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे निधन झाल्यावर विनायकांनी त्यांच्या कुटुंबाला आधार दिला. लता मंगेशकर यांनी 'माझे बाळ', 'गजाभाऊ' आणि 'बडी माँ' या चित्रपटांत लहान भूमिका केल्या. १९४५ च्या सुमारास 'प्रफुल्ल'चा कारभार मुंबईस गेला आणि लताबाईही मुंबईस आल्या. विनायकांच्या निधनानंतर 'मंदिर' हा त्यांचा अपुरा चित्रपट दिनकर द. पाटील यांनी पूर्ण केला. कन्या नंदा यांनी पुढे हिंदी चित्रपटांत नाव कमावले.

विनोदी चित्रपट म्हणजे घटकाभर करमणूक, असा समज आजही आढळतो. गंभीर कृतीला वाङ्मयीन प्रतिष्ठा चटकन मिळते, विनोदी कृतीला ती मागावी लागते. विनायकांची कारकीर्द या समजाला छेद देते. खांडेकरांच्या कथांतून त्यांनी ध्येयवाद मांडला आणि अत्रे-जोशी यांच्या कथांतून त्याच ध्येयवादाची पारख केली. ज्याला ध्येयाचे मोल कळते, त्यालाच त्याचे सोंग ओळखता येते. म्हणून त्यांचे विनोदी चित्रपट हे गंभीर चित्रपटांचे पूरक ठरतात. त्यांना विश्रांतीचे थांबे समजणे अपुरे होईल.

३.४ सारांश

कोल्हापूरच्या चित्रपरंपरेत घडलेल्या मास्टर विनायक यांनी १९३५ ते १९४७ या काळात समकालीन साहित्यिकांच्या साहाय्याने गंभीर व विनोदी असे दोन्ही प्रकारचे चित्रपट दिले. उसना घेतलेला मोठा शब्द आणि साध्या माणसाचे जगणे यांतील विसंवाद हे त्यांच्या विनोदाचे सूत्र आहे. तो त्यांनी दृश्य, गीत, पात्रनिवड आणि शीर्षक या सर्व घटकांतून साधला.

३.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. हंस पिक्चर्सची स्थापना कोणत्या वर्षी झाली?
२. 'ब्रह्मचारी'चे लेखक कोण?
३. 'लग्न पहावे करून'मध्ये गुंड्याभाऊची भूमिका कोणी केली?

उत्तरे : १. हंस पिक्चर्सची स्थापना १९३६ मध्ये झाली. २. 'ब्रह्मचारी'चे लेखक आचार्य प्र. के. अत्रे होत. ३. गुंड्याभाऊची भूमिका विष्णुपंत जोग यांनी केली.

३.६ स्वाध्याय व उपक्रम

१. 'निवेदनातील विनोद पडद्यावर आणणे अवघड असते.' या विधानाची चिं. वि. जोशी यांच्या लेखनाच्या आधारे चर्चा करा.
२. चिमणरावाची कोणतीही एक कथा वाचा. तिच्यातील तीन विनोदी वाक्ये निवडा आणि प्रत्येक वाक्य न बोलता केवळ दृश्यातून कसे दाखविता येईल, ते लिहा.
३. आपल्या परिसरात आज वारंवार ऐकू येणारा एखादा मोठा शब्द निवडा. तो शब्द उच्चारणारा आणि तो जगणारा माणूस यांतील अंतर दाखविणारा एक प्रसंग दहा ओळींत लिहा.