ना डिंक, ना खिळा : पुठ्ठ्याची मांडणी
वाशिमकरांनो, फ्रिज-कूलरचे खोके भंगारात देऊ नका. लेझरवर कापून खाचेत खाच बसवली की पुस्तकांची छोटी मांडणी उभी राहते.

सगळी मेख खाचेच्या रुंदीत. पुठ्ठा 3 मिमी भरला आणि लेझर 0.2 मिमी जाळत असेल, तर खाच 2.8 आखा. पुठ्ठा दबतो, म्हणून मी 2.7 धरतो. आधी तुकड्यावर दोन-तीन मापं कापून बघाच. खाचेची खोली फळीच्या रुंदीच्या निम्मी. उभ्या फळ्यांत पन्हळी उभ्याच हव्यात, नाहीतर वजनाने पोट सुटतं. आणि मशीनपाशी थांबा, पुठ्ठा पेटतो!

शिकायचंय? पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 पासून फॅब लॅब (लेझर कटरसारख्या यंत्रांची कार्यशाळा) आहे. खेड्यातली, म्हणून मला जास्त आपली वाटते.