तेरा कोसांची धाव

आमचे थोरले बंधू, आण्णा, ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. मी त्यांना बातमी सांगितली. म्हटलं, “आण्णा, तुमची दोन्ही पोरं मुंबईला मॅरेथॉन पळणार आहेत. त्यातून पैसे उभे करणार, आणि ते पैसे आजारी माणसांसाठी देणार.”

आण्णांनी बोटाचा चुना पुसला आणि म्हणाले, “मास्तर, पळतंय म्हणून कुणी पैसं देतं व्हय? मग आमचा बैल काय वाईट पळायचा?”

मंडळी, हसू नका. आण्णांचा प्रश्न बिनतोड होता. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण त्या दिवशी मला पटकन उत्तर देता आलं नाही. पुढं मी पोरांना विचारलं, थोडं वाचलं आणि मग मला उलगडा झाला. तोच आज तुम्हांला सांगतो.

आधी मॅरेथॉन म्हणजे काय ते पाहू. हल्ली गावोगावी फलक लागतात, ‘भव्य मॅरेथॉन’. अंतर असतं पाच किलोमीटर. ती चांगली धाव आहे, पण ती मॅरेथॉन नव्हे. खरी मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि १९५ मीटर. जुन्या हिशेबानं सव्वीस मैल, म्हणजे तेरा कोस. आमच्या गावाहून तालुक्याचं ठिकाण २१ किलोमीटर आहे. तिथवर पळत जायचं, पाराला हात लावायचा आणि पळतच घरी यायचं. एवढी ती धाव. नुसतं तालुक्याला पोचलात तर ती अर्धी मॅरेथॉन.

मॅरेथॉन हे मुळात एका जागेचं नाव आहे. ही जागा ग्रीस देशात आहे. ख्रिस्ताच्या आधी ४९० साली तिथं मोठी लढाई झाली. जिंकल्याची बातमी घेऊन एक जासूद अथेन्स शहरापर्यंत पळत गेला आणि बातमी सांगून कोसळला, अशी कथा सांगतात. कथाच ती, खरीखोटी कोण पारखणार? पण तिच्या आठवणीनं १८९६ साली अथेन्सच्या ऑलिंपिक सामन्यांत ही शर्यत ठेवली. ती जिंकणारा स्पिरिडॉन लुईस हा पाणी वाहणारा साधा माणूस होता. तेव्हा अंतर होतं सुमारे ४० किलोमीटर. पुढं १९०८ साली लंडनच्या सामन्यांत राजवाड्यापासून मैदानातल्या राजाच्या आसनापर्यंत मोजणी झाली, आणि हा १९५ मीटरांचा शेपटा चिकटला तो कायमचा. बायकांना मात्र ऑलिंपिकमध्ये ही शर्यत पळायला १९८४ साल उजाडावं लागलं.

आपल्याकडचा माणूसही त्यात लवकर उतरला. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्प शहरी ऑलिंपिकची मॅरेथॉन पळाले आणि एकोणिसावे आले. त्या वेळी खेळाडूंना परदेशी धाडायला पैसे सहज मिळत नव्हते. सर दोराबजी टाटा यांनी पुढाकार घेतला आणि खर्चाचा मोठा भार उचलला. याच दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांनी मागं ठेवलेल्या न्यासाच्या पैशातून १९४१ साली परळला टाटा कर्करोग रुग्णालय उभं राहिलं. म्हणजे पळणाऱ्यांच्या पाठीशी उभं राहणाऱ्याच हातानं रोग्यांसाठीही ठेव ठेवली. हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून थोडा वेळ गप्प बसलो. कारण आमच्या घरातही तोच रोग येऊन गेलेला.

आता आण्णांचा प्रश्न घेऊ. पळतो म्हणून पैसा मिळतो का? नाही. पळण्याला कुणी छदाम देत नाही. होतं असं, की पळणारा माणूस आधी एक संस्था निवडतो. कुणी अंधशाळा निवडतो, कुणी अनाथ मुलांचं घर. मग तो आपल्या ओळखीच्या लोकांना कळवतो, “मी या कामासाठी एवढं अंतर पळणार आहे. तुम्ही या कामाला हातभार लावा.” लोक त्याच्या शब्दावर पैसे देतात. नवसाला पायी जाणारा माणूस निघाला की शेजारीपाजारी त्याच्या हाती नारळाचे पैसे देतात ना? नारळ देवाचा असतो, आणि पायी चालणाऱ्यावर विश्वास असतो. इथंही तसंच. नुसतं “द्या हो” म्हणणारा एक, आणि चार महिने पहाटे उठून घाम गाळणारा एक. दुसऱ्याचा शब्द जास्त खरा वाटतो. गुपित एवढंच.

मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. अलीकडं ती जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. कितीतरी संस्था या दिवसावर वर्षाचा खर्च उभा करतात. त्यात फोटोपुरते पळणारेही असतात. असेनात का! त्यांनी दिलेला रुपयाही शंभर पैशांचाच असतो.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. पैसा पळणाऱ्याच्या खिशात जात नाही, जाऊही नये. तो थेट संस्थेच्या खात्यात भरायचा. संस्थेची पावती घ्यायची. पावतीवर संस्थेचं नाव, पत्ता आणि नोंदणीचा क्रमांक आहे का, ते स्वतः वाचायचं. धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेली संस्था क्रमांक सांगायला कधी कचरत नाही. जो म्हणेल, “पावती कशाला, विश्वास नाही का?” त्याला हात जोडावेत आणि घरी यावं.

हे सगळं मी आण्णांना समजावलं. त्यांना समजलं, पण पटलं नाही. त्यांच्या मनातली खरी अडचण निराळीच होती. रात्री जेवताना ती बाहेर आली. “मास्तर, दोन दुष्काळ काढले. जनावरं विकली. पर आपल्या घराण्यानं कुणापुढं हात पसरला न्हाई. आता ही शिकलेली पोरं फोनवर लोकांकडं पैसं मागनार?”

पोरगा समोरच बसला होता. दिवाळीला आला होता. त्यानं ताटातला हात थांबवला आणि बापाला विचारलं, “आण्णा, आईला घेऊन मुंबईला होता तेव्हा त्या खोलीचं भाडं किती देत होता?”

इथं थोडं मागं जायला हवं. २०१६ साली वहिनींना कर्करोग निघाला. उपचारासाठी मुंबईला चार महिने राहावं लागलं. वहिनी इस्पितळात, आणि आण्णा पहिले नऊ दिवस रस्त्याकडेला पथारी टाकून. घरी त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. मग एका बाईनं त्यांना एका संस्थेचा पत्ता दिला. तिथं बाहेरगावच्या रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना खोली मिळायची. दोन खाटा, गॅसची शेगडी, नळाला पाणी. वहिनींना इंजेक्शनांनंतर बाहेरचं अन्न पोटात ठरत नसे. तिथं आण्णा त्यांना मऊ भात करून घालायचे. जन्मात चुलीपुढं न बसलेला माणूस! वहिनी २०१७ च्या उन्हाळ्यात गेल्या. पण शेवटचे महिने त्यांनी छपराखाली काढले, फुटपाथवर नव्हे.

आण्णा म्हणाले, “रोजचं पन्नास रुपये. एक दिवस चुकवला न्हाई.”

“मुंबईत पन्नास रुपयांत खोली मिळते का, आण्णा?”

आण्णा बोलले नाहीत.

“वरचे पैसे कुणीतरी भरत होतं,” पोरगा म्हणाला. “मी संस्थेत जाऊन विचारलं. आपल्यासारख्याच कुणी वर्गणी दिली होती. कुणी त्यासाठी पळालंही असेल. आम्ही पळणार ते त्याच संस्थेसाठी.”

आण्णा हात धुवायला उठले ते बराच वेळ परसात उभे राहिले. सात वर्षं त्यांना वाटत होतं, आपण भाडं भरून राहिलो. घेतल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

मी त्यांना मग कॅनडातल्या टेरी फॉक्सची हकीगत सांगितली. हा मुलगा अठरा वर्षांचा असताना, १९७७ साली, हाडाच्या कर्करोगानं त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. इस्पितळात त्यानं लहान मुलांचे हाल पाहिले. त्यानं ठरवलं, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळायचं आणि कर्करोगावरच्या संशोधनासाठी पैसा गोळा करायचा. आईनं आधी विरोध केला. कोणती आई करणार नाही? १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पायानं निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन! पुढं त्याचा धाकटा भाऊ त्याच्या सोबतीला गाडीत येऊन राहिला. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर पळाला. मग रोग फुप्फुसात उतरला आणि थांबावं लागलं. त्यानं देशातल्या माणसामागं एक डॉलर मागितला होता. १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत तेवढा पैसा जमला. जूनमध्ये तो गेला. वयाची तेवीस वर्षंही भरली नव्हती. पुढं त्याच्या घरच्यांनी ते काम चालू ठेवलं. त्याच्या नावानं आजही देशोदेशी लोक पळतात.

आण्णांनी एवढंच विचारलं, “त्याचा बाप काय करायचा?” रेल्वेत होता, असं मी सांगितलं.

पोरांची तयारी मी डोळ्यांनी पाहिली. मॅरेथॉन हे एका दिवसाचं काम नाही. थोरल्याला पहिल्या दिवशी दोन किलोमीटर पळून धाप लागली होती. आधी डॉक्टरांकडून छाती तपासून घेतली. मग आठवड्यातून चार दिवस पळणं. दर आठवड्याला एकदा लांब पल्ला, आणि तो हळूहळू वाढवायचा. दिवाळीत तो तालुक्याच्या डांबरी रस्त्यानं पळत होता. एस.टी. थांबली आणि ड्रायव्हर म्हणाला, “गाडी चुकली का? बसा की!” धाकटी पुतणी पहाटे पळायला निघाली तर बायका दारात येऊन बघत. चौथ्या दिवशी दोन पोरी तिच्यामागं पळायला लागल्या.

शरीराचंही गणित आहे. खाल्लेल्या अन्नातली साखर स्नायूंत आणि यकृतात साठते. पळताना ती जळते. ही शिदोरी साधारण ३० किलोमीटरपर्यंत पुरते. मग पाय दगडासारखे होतात, डोकं चालेना होतं. म्हणून वाटेत गोड काहीतरी थोडं थोडं खात राहावं लागतं. पाणीही बेतानं प्यावं. घामातून मीठ जातं, आणि नुसतंच पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. त्यानं जीवावर बेतू शकतं. म्हणून मीठ-साखरेचं पाणी बरं.

हे ऐकून आण्णा म्हणाले, “संक्रांत झालेली आसंल तवा. तिळगूळ न्या.”

२०२४ च्या जानेवारीत आम्ही तीन डबे तिळगूळ घेऊन मुंबईला गेलो. आण्णा सात वर्षांनी मुंबईत पाऊल ठेवत होते. पहाटे पाचच्या सुमाराला बोरीबंदरहून, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, थोरला सुटला. धाकटी अर्ध्या मॅरेथॉनसाठी माहीमहून निघाली. आम्ही पेडर रोडच्या चढावर उभे राहिलो. पूर्ण पळणाऱ्यांना परतीच्या वाटेवर हा चढ लागतो, नेमकी शिदोरी संपल्यावर. तिथले रहिवासी रस्त्यावर उतरून संत्री, चिक्की, पाणी वाटत होते. आम्हीही डबे उघडले.

खरं सांगायचं तर तिळगूळ फारसा चालला नाही. कोरड्या तोंडात लाडू फिरेना. लोक संत्र्याची फोड उचलत. मग आण्णांनी शेजारच्या गृहस्थांकडून संत्री मागून घेतली, सोलली आणि वाटू लागले. धोतर-टोपीतला म्हातारा पाहून पळणारे नमस्कार करत. धाकटी आली ती हसत आली, हात हलवून गेली. तिच्या पाठीवर तिच्या आईचं नाव लिहिलेलं होतं. आण्णांनी ते वाचलं आणि संत्रं हातातच राहिलं.

थोरला सव्वानऊला आला. पळत नव्हता, लंगडत चालत होता. पोटरीत गोळा आला होता. आण्णा दोरीच्या कडेकडेनं त्याच्याबरोबर चढ चढले. “बस जरा” म्हणाले नाहीत. फक्त फोड पुढं करत राहिले. चढ संपला तसा तो पुन्हा पळू लागला. त्याला सगळे मिळून पाच तास वीस मिनिटं लागली. जिंकणारे सव्वादोन तासांच्या आत पोचतात. आमच्या घरात त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

दोघांनी मिळून २ लाख ११ हजार रुपये जमवले. त्यांतले २१०० आण्णांचे, दुधाच्या बिलाचे. दुसऱ्या दिवशी ते स्वतः संस्थेत गेले आणि पावती वहिनींच्या नावानं मागितली. कारकून म्हणाला, पावती देणाऱ्याच्याच नावानं करावी लागते. त्यांचं नाव ‘स्मरणार्थ’ म्हणून खाली लिहू. आण्णांनी ते लिहून होईपर्यंत टेबलाजवळून पाय हलवला नाही. मग जुनी खोली बघू का, असं विचारलं. आत कोकणातलं एक जोडपं होतं. बाई निजली होती आणि नवरा शेगडीवर भात चढवत होता. आण्णा दारातूनच म्हणाले, “पाणी जरा जास्त घाला. मऊ लागतो.” आणि उरलेला तिळगुळाचा डबा त्यांच्या उंबऱ्यावर ठेवला.