‘सापडले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे!

‘नोड’ या सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्या एकाच संगणकावर नांदाव्यात म्हणून टिम कॅसवेल यांनी २०१० साली ‘एनव्हीएम’ तयार केले. ते बसवून नाव टाइप करावे, तर पुष्कळदा उत्तर येते : ‘कमांड नॉट फाउंड’. ज्याच्या घरात कुणी हे यंत्र हाताळलेले नाही, तो विद्यार्थी येथेच हाय खातो. मित्रहो, तसे करू नये!

विद्यार्थी बाकावर हजर असतो, पण हजेरीपटावर त्याचे नाव नसते. तसाच हा प्रकार. आज्ञा ऐकणारा ‘शेल’ सुरू होतानाच आपला हजेरीपट, म्हणजे एक फाइल, वाचतो. एनव्हीएम बसताना आपली नोंद त्या फाइलीत करते; पण आधीच उघडलेला शेल ती पुन्हा वाचत नाही. म्हणून टर्मिनल बंद करून नवे उघडावे.

मॅकवर २०१९पासून ‘झेडशेल’ असतो. त्याची ‘डॉट झेडएसएचआरसी’ ही फाइल घरच्या फोल्डरात नसेल, तर नोंद करणार कोठे? अशा वेळी त्या नावाची रिकामी फाइल तयार करावी, एनव्हीएम पुन्हा बसवावे आणि टर्मिनल नव्याने उघडावे.

यंत्र एवढेच सांगत असते, की कोठे शोधायचे ते मला ठाऊक नाही. ते सांगणे आपल्या हाती आहे. त्याला सायन्सची पदवी लागत नाही.